मीटर मामांच्या नावावर

आमच्या मामीला घाबरवील असा माणूस अख्ख्या मुंबईत जन्मलेला नाही, असं मी कुणालाही छातीठोक सांगत असे. दिंडोशीच्या टोकाला, जिथून पुढे आरेची झाडीच सुरू होते, तिथे वरच्या मजल्यावर ती एकटी राहते. दिवेलागणीला सगळी बिल्डिंग दिवे लावते आणि मामी लागलेले असतील तेवढेही मालवते. मग गॅलरीत खुर्ची टाकून झाडीकडे बघत बसायचं. कुणी गेलं तरी उठायचं नाही. "बस रे झिला, काळोख कसो थंडगार आसा," म्हणते. मालवणी ती फक्त खुशीत असली की बोलते. तिच्या शेजारी बसलं की रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न हळूहळू लांब जातात, झाडीतून ओला वास येतो आणि आपण कशाला आलो होतो तेच आठवेनासं होतं. मी तर कितीदा तरी तिथे बसल्या बसल्या झोपलोय.

अशा बाईला ते फोनवरचे लाइट कापणारे गाठायचे! "मॅडम, बिल अपडेट नहीं है, आज रात लाइट कट जाएगी." दुसऱ्या कुणाची वाट लागली असती. मामी म्हणायची, "काटो ना बाबा! सब लोग नुस्ता बोलताय, काटता कोण नाय." वर त्याला जेवलास का विचारायची, आई कुठे असते विचारायची. एकाला तिने सोलकढी कशी करायची ते नारळ फोडण्यापासून सांगितलं. शेवटी तोच बिचारा म्हणाला, "आंटी, आप किसीको ओटीपी मत देना." मी काळजी केली की मला म्हणायची, "अरे, खरे लाइटवाले असे गोड बोलून फोन करतात होय? आणि तेही साध्या मोबाइलवरून?"

आणि एक दिवस दुपारी मी गेलो, तर दार सताड उघडं आणि मामी फोन हातात धरून उभी. चेहरा पांढराफटक. स्पीकरवर एक मुलगा अगदी शुद्ध, आर्जवी मराठीत बोलत होता. "काकू, मीटर ज्यांच्या नावावर आहे ते वारलेत ना? आज त्यांचं नाव निघेल. ठेवायचं असेल तर मी पाठवलेलं ॲप घ्या आणि मेसेजमधला नंबर मला सांगा."

"सांगते हो, सांगते. काढू नका तेवढं. चष्मा शोधतेय."

मामी आणि अशी गयावया! मामांच्या मागे उरलेली सगळी पुंजी त्याच फोनला जोडलेल्या खात्यात होती. मी फोन हिसकावला आणि बंद केला. "मेल्या, काय केलंस हे!" मामी माझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा.

मग बिलावर छापलेला नंबर लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, आम्ही फोनवर कुणाला ॲप घ्यायला सांगत नाही, ओटीपी मागत नाही. असा फोन आला की ठेवून द्या आणि इथे विचारा. मामीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती वाकून विचारत होती, "पण बाई, नाव राहील ना?"

"तुम्ही अर्ज केल्याशिवाय कोण काढणार, आजी? पण तुमच्या नावावर करून घ्या, ते बरं."

"घेऊ की," मामी म्हणाली. नको असलेल्या लग्नाला येऊ म्हणावं तसं.

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. तो चोर होता, त्याला तुझे पैसे हवे होते, हे मी तिला पुन्हा पुन्हा समजावत राहिलो. ती मान हलवत होती. मग म्हणाली, "कळलं रे, चोरच तो. पण रेशनकार्डातून ह्यांचं नाव काढा म्हणाले, मी काढलं. बँकेतून काढा म्हणाले, काढलं. सगळीकडे सही माझीच. इतक्या वर्षांत ठेवता येईल म्हणणारा हाच एक भेटला."

मला रडूच आलं. मी उठून दोघांसाठी चहा टाकला.