घरात तुला कशासाठी हाक मारतात?

परीक्षा विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. नापासांच्या याद्या लावणारा माणूस मीच, त्यामुळे जळगावातली निम्मी पोरं मला पाहून रस्ता बदलतात. अशात प्रज्ञा मॅडम एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "हिलालनाना, स्टॅटिस्टिक्सच्या नापासांची यादी द्या. मला त्यांचा वर्ग घ्यायचाय." मी कपाळाला हात लावला. आमच्या कॉलेजात असले वर्ग पुष्कळ होऊन गेले. तोच धडा, तोच फळा, फक्त मास्तरांचा आवाज मोठा.

मॅडम तासिका तत्त्वावरच्या. भुसावळहून रोज ये-जा करायच्या. वडील भिका तायडे रेल्वेत गँगमन होते. मॅडम स्वतः आधी धुळ्याला इंजिनिअरिंगला होत्या, पहिल्याच वर्षी चार विषय राहिले आणि ते कॉलेज सुटलं; मग त्या स्टॅटिस्टिक्स शिकल्या. "कशात राहिलीस, हे सगळ्यांनी विचारलं. तुला काय चांगलं जमतं, हे एकानेही विचारलं नाही," असं सांगताना त्या आजही चिडायच्या. मला ती चीड आवडायची. नापासांची कीव करणारे मास्तर मी ढिगाने पाहिलेत. त्यांच्या बाजूने चिडणारी ही पहिलीच.

वर्गाला अकरा जण आले. मी हजेरीचा कागद द्यायला गेलो आणि दारातच थांबलो. "तुमच्यात चांगलं काय आहे?" असं मॅडमनी विचारलं होतं आणि अकराही माना खाली होत्या. एक जण पुटपुटला, "काहीच नाही मॅडम." दुसरं काय म्हणणार? आपणच त्यांना तसं सांगत आलो.

मॅडमनी प्रश्न बदलला. "बरं, घरात काम अडलं की तुला कशासाठी हाक मारतात?"

आता माना वर झाल्या. पहूरचा आकाश म्हणाला, "लगननी पंगतले बट्टीसाठे किती पीठ लागी, ते माले इचारतस बठ्ठा." चारशे पानांच्या पंगतीला किती पीठ लागेल, हे हा पोरगा मांडवाकडे नुसतं बघून सांगायचा, आणि वर्गात मात्र अंदाजाच्याच धड्यात नापास! मॅडमनी त्याचा धडा वरण-बट्टीपासूनच सुरू केला. मागच्या बाकावरचा नथ्थू मात्र म्हणाला, "माले कोनीच हाक मारत नही."

"मग मी मारते. उद्या सकाळी आठला." आणि दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला मॅडमनी गेटातूनच नथ्थूच्या नावाने अशी आरोळी ठोकली, की वॉचमनच्या हातातला चहा सांडला.

हर्षिता जैनचं प्रकरण जास्त अवघड होतं. बळीराम पेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. कोरा पेपर समोर आला की पोरीचं पेन चालायचंच नाही. दोनदा नापास झाली होती. स्टॅटिस्टिक्सचे विभागप्रमुख भूपेंद्र सर यांनी फर्मान काढलं होतं, की तिसऱ्यांदा राहील त्याने मुकाट्याने दाखला घेऊन जावं. निकालाची टक्केवारी सुधारायची सोपी युक्ती! तिचे वडील निर्मलकुमार तसे भले माणूस. म्हणाले, "बेटा, झालं तेवढं पुरे. दुकानात बस." त्यावर ती म्हणाली, "बसेन पप्पा. पण नापास झाले म्हणून नाही बसणार."

तिला घरी कशासाठी हाक मारायचे? कोणी साडी परत करायला आलं की. रंग गेला, जरीचा काठ काळा पडला, अशी तक्रार घेऊन बाई आली की हर्षिता साडी उलगडायची, काठावरून बोट फिरवायची आणि शांतपणे सांगायची, "काकू, ही गरम पाण्यात धुतलीय." दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट तिला लगेच दिसायची.

मॅडमनी तिला गणितं सोडवायला देणंच बंद केलं. त्या सोडवलेली गणितं द्यायच्या, मुद्दाम चुकवलेली. "हे गिऱ्हाईक समज. माल परत करायला आलंय. बोल, कुठे गडबड आहे?" पोरगी एकेक पायरी तपासून चूक काढायची आणि खुशीत हसायची. महिन्याभराने मॅडम म्हणाल्या, "आता चुकीचं गणितही तूच लिही आणि तूच पकड." अशी ती लिहायला लागली. भूपेंद्र सर वर्गावरून जाताना म्हणायचे, "खेळ चाललाय नुसता." खरं सांगतो, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

परीक्षा झाली. अकरापैकी आठ पास. नथ्थू आणि आणखी एक जण राहिले. आणि हर्षिताला छत्तीस. चाळीसला चार कमी.

आमच्याकडे उत्तरपत्रिका मुलांना दाखवतात. हर्षिताने ती पाहिली आणि मॅडमना घेऊन थेट भूपेंद्र सरांच्या केबिनमध्ये गेली. कागद माझ्याकडे होते, म्हणून मीही गेलो. सहा गुणांचा एक प्रश्न होता, पेपर सरांनीच काढलेला आणि तपासलेला. बायनॉमियलचा मीन चार, व्हेरियन्स सहा, तर p काढा. तिने लिहिलं होतं, 'यात q, म्हणजे अपयशाची शक्यता, सहा भागिले चार म्हणजे दीड येते. कुठलीही शक्यता एकाच्या वर जात नाही. हा प्रश्न चुकीचा आहे.' त्यावर लाल शाईत शून्य.

"प्रश्न चुकलाय वाटलं तरी सोडवायचा असतो. बाकीच्यांनी सोडवला," भूपेंद्र सर म्हणाले. सोडवला म्हणजे काय, तर पाठ केलेल्या पायऱ्या टाकल्या आणि आकडे उलटे करून उत्तर जमवलं. त्यांना पूर्ण गुण होते.

मग सर मॅडमकडे वळले. "तुमच्या तासांची ऑर्डर जूनमध्ये माझ्या शिफारशीने निघते. लक्षात आहे ना?"

 मॅडम म्हणाल्या, "आहे सर. हर्षिता, तू बोल."

पोरगी पुढे झाली. तिने दोन्ही तळवे सरांच्या टेबलावर घट्ट टेकवले. "सर, आजपर्यंत मी दुकानाच्या बाजूने भांडले. पण खोट खरंच मालात असली, तर आम्ही गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. माल बदलून देतो. हा माल तुमचा आहे."

सरांनी कॅल्क्युलेटर ओढला. सहा भागिले चार. पुन्हा केलं. दीडच.  मग सरांनी शून्य खोडून सहा केले, सही केली आणि पेन टेबलावर आपटलं. हर्षिता पास झाली, बेचाळीस गुणांनी.

जूनमध्ये मॅडमची ऑर्डर निघाली नाही. मला राग आला, आजही येतो. त्या अनुभवाचा दाखला न्यायला आल्या. भूपेंद्र सरांचा निरोप होता, 'काम समाधानकारक, एवढंच लिहा.' असले दाखले मी शेकड्याने टाईप केलेत. त्या दिवशी बोटं वळेनात. मी लिहिलं, 'यांनी अकरा नापासांपैकी नऊ जण पास केले, आणि प्रश्नपत्रिकेतली चूक पकडणारी विद्यार्थिनी घडवली.' कागद घेऊन प्राचार्यांपुढे उभा राहिलो.

"हिलाल, दाखल्यात असं लिहितात का?"

"नाही लिहीत साहेब. म्हणूनच लिहिलं. बदलायचं तर दुसऱ्या कोणाला तरी सांगा, मी टाईप करणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि सही केली. मी ऐटीत येऊन दाखला मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. डोळे भरले होते, तरी कागद मला परत केला.

"नाना, 'घडवली' काढा. ती तशी होतीच."

मी ती ओळ बदलली आणि सहीसाठी पुन्हा साहेबांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.