बिनशेतीची दवंडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला बसलो होतो, तर तिने दळण आणायला पिटाळलं आणि मला — खरं सांगू? — सुटल्यासारखं झालं. आज तुम्हाला सांगतो. मध्येच उठून जावंसं वाटेल मला, तरी सांगतो.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. मिरजगावात मोठ्या रस्त्याला लागून आमची जमीन. माझा मेहुणा नगरला राहायचा. प्लॉट पाडून विकायचा धंदा करू, हे खूळ त्याचं. खूळ त्याचं म्हणतो — पण मी कुठे नको म्हणालो? मला शेट म्हणवून घ्यायची केवढी हौस! कचेरीच्या चकरा सुरू झाल्या आणि कळलं, स्वतःच्या रानात खुंट्या ठोकायच्या तरी आधी बिनशेतीची परवानगी लागते. मोजणी हवी, प्लॉटचा आराखडा हवा, तलाठ्याची पाहणी हवी. शिवाय गावात दवंडी — कोणाची हरकत असेल तर मुदतीत येऊन सांगा. हरकत आली की अर्ज रखडलाच.

आणि आमच्या जमिनीतून एक गाडीवाट जात होती. मागे दगडूनानाचं शेत. त्याची बैलगाडी तिथूनच जायची, त्याच्या बापाचीही तिथूनच गेलेली. वाट सोडली तर रस्त्याकडचे चांगले प्लॉट जात होते. मेहुणा म्हणाला, आराखड्यात ती दाखवायचीच कशाला?

दोष त्याच्यावर ढकलून मोकळं व्हावं असं फार वाटतं. पण पुढची युक्ती त्याला सुचणं शक्यच नव्हतं, तो शहरचा. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं, हे मला ठाऊक होतं. दगडूनाना आणि त्याची बायको गऊबाई गाडीबैलं घेऊन दरसाल जायची, ती गुढीपाडव्यालाच परतायची. अर्ज तयार होता. मी तो दाबून ठेवला. टोळी कधी निघते याची वाट बघत बसलो — शेजाऱ्यांच्या जाण्याची वाट बघणारा माणूस, कसा दिसत असेन मी?

एवढंच असतं तर कदाचित आज बोललोही नसतो. पण निघायच्या आदल्या दिवशी नाना घरी आला. ओट्यावर आम्ही दोघंच. गावात प्लॉटची कुणकुण होतीच. तो म्हणाला, "आण्णा, त्ये पलाटाचं कायी हाय का आत्ता? वाटंचं कायी इच्यारनार आस्तील तर मुकादमाला सांगतो, मागनं येतो म्हनून."

विचारलं हो त्याने! सरळ विचारलं. मी म्हणालो, "अजून कशात काही नाही, नाना. तुम्ही बिनघोर जा." वर चहाही पाजला. चहा का पाजला मी त्याला?

ते गेले. दवंडी झाली, ती कुलूप लावलेल्या घरांपुढून. तलाठ्याने पाहणीत विचारलं, ही चाकोरी कोणाची? आमचीच, शेणखत न्यायची — मी म्हणालो. हरकत एकही आली नाही. परवानगी मिळाली, मी पेढे वाटले.

पाडव्याला नानाची गाडी त्या वाटेने आली आणि तारेच्या कुंपणापाशी थांबली. त्याने चावडीवर जाऊन आरडाओरडा केला. "आण्णाला इच्यारून गेल्तो म्या! आण्णा कायी न्हाई म्हनला, जा म्हनला!" चार माणसं त्याला घेऊन माझ्याकडे आली. विचारलं होतं का त्याने? मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणालो, "नाही बुवा."

माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. मी शिकलेला, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. नानालाच सगळे बोलले — दवंडी झाली तेव्हा कुठे होतास, आता भल्या माणसावर आळ घेतोस? मी तिथेच उभा होतो.

वाटेवाचून शेत कसायचं कसं? एक हंगाम दोघांनी लोकांच्या बांधांवरून डोक्यावर ओझी वाहिली. मग ते शेत आम्हीच घेतलं — दुसरं कोण घेणार होतं? तिथेही प्लॉट पाडले. ती दोघं कायमची कारखान्याकडे राहायला निघाली.

जायच्या दिवशी नाना पुन्हा माझ्या ओट्यापाशी आला. वर चढला नाही, खालीच उभा राहिला. म्हणाला, "लई इच्यार केला, आण्णा. जायाच्या गडबडीत म्या इच्यारलंच नसंल. आन् चावडीवर तुमचं नाव घेतलं. गऊ म्हनली, हात जोडून ये."

आणि त्याने खरंच हात जोडले.

मी म्हणालो, "असू द्या, नाना. मी मनात ठेवलं नाही."

माफ केलं मी त्याला.