माझ्या बॅटरीचा वास
माझ्या मुलीने नेलपॉलिश काढायची बाटली उघडली आणि त्या गोडसर वासाने मला अमेरिकेत शिकत होतो त्या स्टेट कॉलेज गावातल्या लॅबमागच्या पार्किंगमध्ये नेऊन उभं केलं. आम्ही विद्यार्थी बनवत असलेल्या इलेक्ट्रिक गाडीसाठी आमचे प्रोफेसर एकच बॅटरी निवडणार होते, माझी लिथियमची नाहीतर रूममेटची निकेलची. माझ्या बॅटरीला तसाच वास येत होता, म्हणजे ती गळत होती, कधीही पेटू शकत होती; पण मला हरायचं नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. "तुझा खटारा मीच पळवून दाखवतो, बघ," म्हणत रूममेट चाचणीसाठी माझी बॅटरी लावलेल्या गाडीत बसला. वळणावर सीटखालून धूर निघाला, मग जाळ. तो कसाबसा बाहेर पडला, हात भाजून सोललेला, आणि मलाच म्हणाला, "सॉरी यार, मी जरा जास्तच पळवली." माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "जाऊ दे." म्हणजे मी त्याला माफ केलं! आणि तो अजूनही स्वतःचीच चूक समजतो.