शेऱ्याचा रिकामा रकाना

नाना गेल्याचं पत्र धुळ्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांचा दहावाही होऊन गेला होता. जामनेरजवळच्या त्यांच्या गावी मी पोचलो तो आणखी पंधरा दिवसांनी... इतका उशीर का केला, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

नाना निवृत्त शिक्षक. शेतातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला काचेच्या मापात ओतून वहीत मांडायचे. एका कोरड्या वर्षी कृत्रिम पावसाच्या प्रयोगावर माझी तिथे नेमणूक झाली. टेकडीवर भट्टी पेटवून रसायनाचा धूर ढगात सोडायचा आणि पावसाची नोंद नानांकडून घ्यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ढग तर बोदवडकडं निघाला व्हता, सायेब. तिथल्या लोकाईले इचारलं का?" मी हसलो. पिकं करपत असताना परवानगी कसली मागायची, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

पाऊस आला. गावानं मला हार घातला. नाना म्हणाले, "इंद्राची बदली जामनेरले झाली म्हना की!" मी हार काढला नाही.

आठवड्याभरानं पुन्हा भट्टी पेटवली. त्या संध्याकाळी असा पाऊस कोसळला, की नाला काठ सोडून शेतात शिरला आणि नानांची घडांनी लगडलेली केळीची बाग चिखलात आडवी झाली. सकाळी नाना माझ्यासमोर उभे.

"तो पाऊस तुमचा व्हता. मंग हा कोनाचा?"

"नाना, हे नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

"मंग तेच लिहा. भट्टी पेटली व्हती, आन् सांगता येत नाही. बस."

भरपाईचा शब्दही त्यांनी काढला नाही. मी मात्र अहवालात भट्टीचा दिवसच गाळला आणि 'नैसर्गिक अतिवृष्टी' लिहून मोकळा झालो. ती नैसर्गिक असेलही... पण हार घेताना ही शंका मला आली नव्हती. त्यानंतर नानांना तोंड दाखवायचं धाडस झालं नाही.

परवा त्यांच्या सुनेनं त्या वर्षीची वही पुढे ठेवली. प्रत्येक नोंदीसमोर शेरा: 'वारा पश्चिमेचा', 'नुसतेच ढग'. त्या एका दिवशी पावसाचा आकडा होता, शेरा नव्हता.

"इथं काही लिहिलं नाही?"

"नाना म्हनायचे, तो रकाना सायेब भरतीन."

मी पेन काढलं. 'दुपारी आम्ही भट्टी पेटवली होती. पाऊस तिच्यामुळे की आपसूक, सांगता येत नाही.' खाली सही केली.

पहाटे भुरभुर होऊन गेली होती. साडेआठ वाजत आले, तशी सून नानांचं काचेचं माप घेऊन शेताकडे निघाली.