सतराव्या संचाची उत्तरसूची

सहावीला गणित शिकवणाऱ्या या बाईंनी एकवीस वर्षांत मुलांचे एकही गणित स्वतः सोडवल्याशिवाय तपासले नव्हते. हे त्या कुणाला सांगत नसत; त्यांच्या मते ते सांगण्यासारखे नव्हते.

शिक्षकांना मोफत साहित्य पुरवणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी सराव-गणितांचे चाळीस संच चढवले होते, प्रत्येकाला उत्तरसूची जोडून. नावाच्या जागी 'एक शिक्षक' एवढेच लिहिले होते. नावासाठी केलेले काम आणि कामासाठी केलेले काम यांत त्या फरक करीत. मात्र शाळेतून आल्यावर, चपला काढण्याआधी, त्या डाउनलोडचा आकडा पाहत असत, आणि ही सवय दोहोंपैकी कशात मोडते हे त्यांनी अजून ठरवले नव्हते.

सतरावा संच सर्वांत पुढे होता. चार हजार तीनशे सोळा डाउनलोड, पाचपैकी पाच तारे. खाली कुणीतरी लिहिले होते, 'बिनचूक.'

रविवारी धाकटी नणंद जेवायला आली. तीही शिक्षिका, दुसऱ्या शाळेत. तपासलेल्या कागदांचा गठ्ठा तिने फ्रिजवर ठेवला आणि पानावर बसली.

"वहिनी, तू अजून गणितं हाताने काढतेस? नेटवर सगळं फुकट आहे, उत्तरांसकट. कुणी 'एक शिक्षक' आहे, काय नेटका माणूस! नाहीतर तू. एका गणितापायी अर्धी वही."

"पुरुषच कशावरून?"

"बाईला एवढा वेळ कोण देतं?"

"मी दिला असता," सासूबाई म्हणाल्या. "कुणी मागितला नाही."

नणंद हसली आणि आपल्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगू लागली. टाकी एकशेवीस लिटरची, नळातून मिनिटाला सहा लिटर पाणी. टाकी किती वेळात भरेल? मुलीने लिहिले, वीस मिनिटे. सूचीत होते पंधरा.

"मी चूक दिली, तर सगळ्या वर्गासमोर हुज्जत घालायला लागली. म्हटलं, सूचीत पंधरा आहे ना, मग पंधरा. दहा वेळा लिहून घेतलं, तेव्हा कुठे गप्प बसली."

बाईंचा घास हातातच राहिला. आदल्या वर्षापर्यंत त्या नळातून मिनिटाला आठ लिटर पाणी येत होते. मुले मोठ्या भावंडांच्या वह्यांतून उत्तरे उतरवतात, म्हणून त्यांनीच आठाचे सहा केले होते. नळ बदलला, सूची बदलायची राहून गेली. चार हजार तीनशे सोळा शिक्षकांपैकी कुणीही ते कळवले नव्हते.

सूची गुपचूप दुरुस्त करायला दोन मिनिटे पुरली असती. पण दुरुस्त सूची त्या मुलीपर्यंत पोहोचणार नव्हती. तिथे माणसानेच जायला हवे होते.

"वन्सं, टाकी वीस मिनिटांत भरते."

"अगं, सूचीत..."

"सूची माझी आहे."

नणंदेने पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे तो नेटका माणूस तू?"

"होते. आतापर्यंत."

"आणि मी तुला पाच तारे दिलेत."

"ते सावकाश परत घ्या. आधी त्या मुलीला सांगा. वर्गासमोर."

"माझं हसं होईल, वहिनी."

"माझं नाव सांगा."

"तुझं नाव आहे कुठे तिथे?"

संध्याकाळी बाईंनी सतराव्या संचावर प्रथमच आपले पूर्ण नाव आणि शाळा घातली. खाली लिहिले: 'नवव्या गणिताचे उत्तर मी चुकवले आहे. वीस मिनिटे हवे. ज्यांनी पंधरा धरून तपासले, त्यांनी मुलांना तसे सांगावे.'

सोमवारी शाळा सुटल्यावर नणंदेचा फोन आला.

"सांगितलं. तुझं नाव फळ्यावर लिहून सांगितलं."

"मुलगी काय म्हणाली?"

"तिने कागद उलटा करून दाखवला. पुढे दहा वेळा पंधरा, मागे एकदा वीस. म्हणाली, हे खोडलं नव्हतं."

बाईंनी चपला काढल्या.

"अजून आहे," नणंद म्हणाली. "ती म्हणते, तिसरं गणितही बघा. मी सोडवलं, वहिनी. स्वतः सोडवलं. मला तर सूचीतलंच उत्तर येतंय. पण ती ऐकत नाही. म्हणते, आधी त्या बाईंना सोडवू दे."

बाईंनी कोरी वही पुढे ओढली आणि पेन्सिल घेतली.

"वाचा," त्या म्हणाल्या. "सावकाश."