मोलीने सांगितलेला शेवट

मोली खोटारडी होती.

आज सकाळी तिला मातीत ठेवून आले आणि दुपारी मला हे कळलं. आता भांडू कुणाशी?

मोली म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. मूळची केरळची, इथल्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झालेली. परवा भाजी घेऊन आली, लिफ्टसमोर पिशवी ठेवली आणि पिशवीशेजारी बसली. ती बसलीच.

सोसायटीच्या ग्रुपवर ढीगभर आरआयपी आले. त्याखाली लगेच पाण्याच्या टँकरची चौकशी. कर्वेनगरात दुःख टँकर येईपर्यंत टिकतं.

असो. मुद्दा सिनेमाचा आहे.

काही वर्षांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यानेही धूसरच दिसायचं. टीव्ही बघायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. मोली दुपारी ड्रॉप्स घालायला यायची आणि माझ्याच टीव्हीवर तिचे मल्याळम सिनेमे लावायची.

"तू डोळे मीट, चेची. मी सांगते ना."

चेची म्हणजे ताई. मला दुसऱ्या कुठल्या नावाने तिने कधी हाक मारली नाही.

त्यातला एक सिनेमा पोलिसांचा होता. कोठडीत एक पोरगा मरतो. मारणारा साहेब तीन साध्या पोलिसांना सांगतो, चार दिवस गायब व्हा, मी बघतो. ते बिचारे जीप घेऊन डोंगरात निघतात. आणि संध्याकाळी बातम्यांत येतं, तीन पोलीस फरार.

मी म्हटलं, "मोली, बंद कर."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा धाकटा भाऊ सुहास फौजदार होता. त्यालाही साहेबाने हेच सांगितलं होतं. चार दिवस गावाला जाऊन ये, मी बघतो. खात्यात वरिष्ठाचा शब्द म्हणजे हुकूम. सुहास हुकूम मानून गेला, आणि गेला म्हणून गुन्हेगार ठरला.

तो परत आला नाही. माणूस नाही, प्रेत नाही, निरोप नाही.

साहेब मात्र हारतुरे घेऊन रिटायर झाले. तब्येत उत्तम आहे म्हणे.

मोली रिमोट शोधायला लागली. तेवढ्यात मीच म्हटलं, "नको, राहू दे. त्या तिघांतल्या हवालदाराचं काय होतं ते सांग."

शेवटी शेवटी धडाधड आवाज आले.

"गोळ्या ना गं?"

"छे. चर्चचा सण आहे. फटाके."

"या वेळी?"

"आमच्याकडे फटाके कधीही असतात, चेची. तू डोळे मीट."

मग तिने सांगितलं. हवालदार दुधाच्या ट्रकमधून हद्द ओलांडतो. लांब कुठल्या तरी गावात, नाव बदलून, बेकरीत काम धरतो. म्हातारा होतो. एक दिवस बहिणीच्या घरी फोन लावतो.

"बहीण कुठून आली? आधी नव्हती."

"होती. तुला ड्रॉप्स घालताना आली."

"मग? बोलतो?"

"नाही. तिचा आवाज ऐकतो. चेची म्हणतो आणि ठेवून देतो."

"मला चेची ऐकू नाही आलं."

"मनात म्हणतो. तुला कसं ऐकू येणार?"

कुणीतरी रडत होतं. मी विचारलं, "हे कोण?"

"हिरॉइन," मोली म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर आमच्या निखिलने लँडलाइन बंद करायचा विषय काढला होता. "आई, त्यावर फक्त कर्जवाले फोन करतात." मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. सुहासला तो एकच नंबर पाठ होता. आणि सिनेमात का होईना, कुणीतरी फोन केला होता.

आज दफनभूमीतून आलो. घरात बसवेना. मी निखिलला म्हटलं, तो सिनेमा लाव, मोलीला आवडायचा. हिंजवडीची आयटीवाली मंडळी हुशार असतात, त्याने मिनिटात शोधला. खाली सबटायटल्सही लावली. आता मला सगळं स्वच्छ दिसतं.

फटाके नव्हते.

चहाच्या मळ्यात त्या हवालदाराला त्याच्याच खात्याची माणसं गोळ्या घालतात. ज्याने "जा, मी बघतो" म्हटलं होतं, तोच साहेब प्रेताला सॅल्यूट ठोकतो. टीव्हीवाले फोटो काढतात. संपलं.

बेकरी नाही. ट्रक नाही. बहीण तर अख्ख्या सिनेमात नाही.

मी निखिलला म्हटलं, "मागे घे. काहीतरी सुटलं." त्याने घेतलं. सुटलं काहीच नव्हतं.

आणि हिरॉइनही नाही. एक लेडी कॉन्स्टेबल आहे, ती शेवटी नुसती उभी असते. एकदाही रडत नाही.

मी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मोली त्याच खुर्चीत बसायची. रडणं तिथूनच आलं होतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. खोटं बोलणाऱ्या मुलीला नन्स वर्गाबाहेर उभं करत. मोलीही नन्सच्याच शाळेतली. तरी समोर गोळ्या चाललेल्या असताना हिने बसल्या जागी एक बहीण जन्माला घातली, तिच्या घरी फोन बसवला आणि तो वाजवून दाखवला. आणि इतकी वर्षं दुपारचा चहा माझ्याबरोबर पीत राहिली, चेहऱ्यावरची रेषा न हलवता.

मला राग आलाय, मोली. फार. विचारायलाही राहिली नाहीस.

निखिलने टीव्ही बंद केला. लँडलाइन राहणारच आहे.

जा, मोली. नीट जा.

तिथे सुहास भेटला, तर मला कळू देऊ नकोस. बेकरीत आहे म्हणून सांग.

तुझी चेची