बोंबील सुकेपर्यंत

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. कोळ्याची मुलगी असूनही नाही. आणि या अनुभवात भूत नाहीच. आहेत ते ओले बोंबील... हसा खुशाल.

माझं माहेर बोर्ली पंचतनच्या पुढे, अगदी समुद्राला लागून. तिथे माझी आई एकटी राहायची, आम्ही तिला आय म्हणायचो. मी पनवेलला. लग्न होऊन इथे आले ते कालपरवाच असं वाटतं, आणि नात शाळेत जायला लागली! पन्नाशीनंतर वर्षं कुठे पळतात कोण जाणे. फराळाचे डबे घासून वर ठेवावेत, तोवर पुढची दिवाळी दारात. आमचे हे म्हणतात, "सोपं आहे. नवीन काही घडलं नाही की मेंदू नोंदच ठेवत नाही. लहानपणी सगळंच नवीन, म्हणून दिवस लांब." ह्यांच्याकडे सगळ्याची थिअरी तयार असते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही आयकडे गेलो. सकाळी जायचं, जेवून निघायचं, नेहमीसारखंच. निघताना बघतो तर टायर पंक्चर, आणि स्टेपनीतही हवा नाही. हे रिक्षात टायर टाकून बोर्लीला गेले. "आलोच," म्हणाले.

आय अंगणात बोंबलांची टोपली घेऊन बसली होती. बोंबील सुकवायला दोन-दोन जोडून टांगतात — एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, बांबूंना बांधलेल्या दोरीवर. मीही पदर खोचला. शेजारच्या काशीवहिनीची दोरी आमच्या दोरीला लागूनच, तिने नुकतेच टांगलेले.

"बाय, आलीस तशी चाललीस," आय म्हणाली. "माजं बोलायचं दर टायमाला ऱ्हाऊनच जातंय."

"पुढच्या वेळी राहायलाच येते ना, आय."

"फुडचं कुनी बगितलंय? हे बोंबील सुकंस्तवर बस. येवढंच."

मी "बरं" म्हटलं. बोंबील कडक उन्हातही दोन-तीन दिवस घेतात, हे तिलाही ठाऊक, मलाही. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा!

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती, पावलं टाकायला लागली आणि तापाने गेली — हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. दोघी रडलो. मग चहा केला. मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून चक्क झोपले. उठले तरी ऊन होतं तिथेच. शाळेला सुट्टी असताना दुपार अशी असायची... संपायचीच नाही.

"हे अजून कसे नाही आले?" मी विचारलं.

"येतील. मोप टाईम हाय."

शेवटी रिक्षा आली तेव्हा मी वैतागूनच म्हटलं, "अहो, दिवसभर होतात कुठे?"

हे बघतच राहिले. "दिवसभर? अगं, पंक्चरवाला रिकामाच बसला होता. अर्धा-पाऊण तास झाला असेल."

मोबाईल पाहिला. खरंच तेवढाच वेळ झाला होता.

आय उठली आणि दोरीवरचा एक बोंबील मोडला. कटकन आवाज आला. आमची सगळी दोरी खडखडीत सुकलेली... आणि हातभर पलीकडे काशीवहिनीच्या बोंबलांतून अजून पाणी ठिबकत होतं.

"सुकलं," आय म्हणाली. "जा आता."

वाटेत ह्यांनी ऊन, वारा, बोंबलांचा आकार सगळं काढलं. मी म्हटलं, "वारा काय पत्ता विचारून आला? आणि तुमची थिअरी मान्य. मेंदूला दुपार लांब वाटली, चला, ठीक. पण बोंबलांना कोणी सांगितलं?"

शिमग्याच्या आधी आय झोपेतच गेली. राहायला जायचं माझं राहूनच गेलं, त्याची हळहळ आहेच. पण तिचं बोलायचं राहिलं नाही.

काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि वर्षं तर पुन्हा पळतच आहेत. आता दर दिवाळीनंतर मी ओले बोंबील आणून गॅलरीत टांगते आणि खाली बसून राहते. सोसायटीवाले नाक मुरडतात. हे खुर्ची आणून शेजारी बसतात. बोंबील मात्र दोन-तीन दिवसांनीच सुकतात.